तीनचाकी घुमते, टक करते, थरथरते: हाउसिंग उघडण्याआधी काय पाहायचं

हिंगणघाटकडच्या एका तरुण शेतकरी भावाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे हँडलची मालवाहू तीनचाकी आहे. पुढचा भाग मोटरसायकलचा, सीटखाली इंजिन, तिथून लांब शाफ्ट मागच्या हाउसिंगपर्यंत (मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या गिअरची लोखंडी पेटी) आणि मागे पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवलेला डाला. कापूस जिनिंगवर नेणं, खताच्या बॅगा आणणं, भाजी बाजारात पोचवणं, सगळं तिच्यावरच चालतं. पावसाळ्यात ती शेताच्या वाटेवर चिखलात रुतली, पुढे नाल्याच्या पाण्यातूनही काढावी लागली. कापसाच्या हंगामासाठी त्याने मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. आता तीन तक्रारी आहेत. वेग ३० च्या पुढे गेला की मागून ‘घूंऽऽ’ असा सूर निघतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना ‘टक’ होतं. आणि रिकामी गाडी ३५-४० ला थरथरते, भरली की थरथर कमी होते. एक मिस्त्री म्हणाला, “हाउसिंग गेली भाऊ, क्राऊन-पिनियनचा सेट टाकावा लागते.” दुसरा म्हणाला, इंजिनाचं काम निघालं. आता करायचं काय?

भाऊ, सध्या दोन्ही कामं थांबवा. तुमच्या तक्रारी तीन आहेत, त्या एकाच दुखण्याच्या असतील असं धरून चालू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तीन वेगवेगळी कारणं दिसतात, आणि त्यातली दोन बहुतेक पाना, ग्रीस आणि एका दुपारच्या मेहनतीत सुटतील. क्राऊन-पिनियन म्हणजे हाउसिंगमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी: शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊन फिरवतं. तो सेट हा शेवटचा उपाय. तो चुकीच्या बसवणीने घातला तर आज आहे त्याहून मोठा आवाज घेऊन घरी याल.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तीनचाकीत आवाज कुठून येतोय हे कानाने सांगता येत नाही. चेसिसचे पाइप आणि डाल्याचा पत्रा आवाज वाहून नेतात. मागच्या उजव्या हबमधली (चाकाच्या मधल्या गाभ्यातली) घरघर सीटखाली ऐकू येते, आणि सीटखालचा खडखडाट डाल्यात घुमतो. म्हणून “कुठून येतो” हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि “कशासोबत बदलतो” हे विचारायचं. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांसोबत चढतो-उतरतो की गाडीच्या वेगासोबत? रेस दिली-सोडली की बदलतो का? वळणावर बदलतो का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की संशयित निम्म्याहून कमी उरतात, आणि तोवर एकही नट खोललेला नसतो.

हे तपासायला सकाळची शांत वेळ आणि सपाट, रिकामा रस्ता धरा. डाल्यातली सुटी वस्तू, जॅक, पाने, मागच्या फळीची साखळी, सगळं काढून ठेवा. साखळीच्या खडखडाटाला घाबरून हाउसिंग खोललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आवाज ऐकायला डाल्यात माणूस बसवू नका. मोबाइल कापडात गुंडाळून डाल्याच्या कोपऱ्यात घट्ट बांधा, रेकॉर्डिंग चालू करा, आणि चालवताना वेग व गिअर मोठ्याने बोलत चला. घरी ऐकताना ते फार कामी येतं.

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, रेस हळूहळू वाढवा. तोच सूर, तीच थरथर इथेही आली तर ती इंजिन, क्लच किंवा इंजिनाच्या फाउंडेशन रबरांची. एकाच सिलिंडरचं इंजिन ठरावीक फेऱ्यांवर थरथरतंच, पण रबर कडक झालं किंवा फाटलं की तीच थरथर चेसिसभर पसरते. उभ्या गाडीत काहीच आलं नाही तर दुसऱ्या मिस्त्रीने सांगितलेलं इंजिनाचं काम बहुतेक कटलं.

मग चालू गाडीत ३० चा वेग धरा, आधी तिसऱ्या गिअरमध्ये, मग चौथ्यात. वेग तोच, इंजिनाच्या फेऱ्या मात्र वेगळ्या. सूर दोन्ही वेळा सारखाच असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे: शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकता जोड), हाउसिंग, हब, टायर. गिअरसोबत सूर बदलला तर इंजिन-गिअरबॉक्सकडे बघा. फक्त एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरची जोडी.

आता ४० वर नेऊन क्लच दाबा, न्यूट्रल करा आणि गाडी सपाटीवर तशीच वाहू द्या. उतारावर हे करायचं नाही. आवाज राहिला तर तो फिरणाऱ्या वस्तूंचा: बेअरिंग, टायर, शाफ्ट. गेला किंवा फार कमी झाला तर तो ओझ्याखालच्या दातांचा. हीच गोष्ट रेसनेही पडताळता येते. ४० ला थोडी ओढ द्या, मग रेस पूर्ण सोडा, मग अशी धरा की गाडी ओढत नाही आणि अडतही नाही. क्राऊन-पिनियनचा दोष या तीन अवस्थांत तीन तऱ्हेने बोलतो. ओढताना मोठा, सोडल्यावर बंद किंवा वेगळ्याच स्वराचा, मधल्या अवस्थेत हलका. बेअरिंगला रेसचं फारसं घेणं नसतं. गाडी धावतेय तोवर ते जात्यासारखं घरघरत राहतं.

थोडा हिशेब केला तर हे आणखी पक्कं होतं, आणि तो कोणालाही जमेल. चाकावर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाक एक फेरा पूर्ण करू द्या, टेपने अंतर मोजा. ५.००-१२ च्या टायरला ते साधारण पावणेदोन मीटर भरतं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेपाच-सहा फेरे घेतं. हाउसिंगचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, ५ धरला तर शाफ्ट सेकंदाला २८-२९ फेरे घेतो. पिनियनला ८ दात असतील तर सेकंदाला सव्वादोनशेच्या वर दात एकमेकांवर बसतात. म्हणून वाकलेली रिम, फुगलेला टायर, अंडाकृती झालेला ड्रम यांचे हिसके वेगळे वेगळे जाणवतात, प्रयत्न केला तर मोजताही येतात. शाफ्टचा दोष मोजता येत नाही, तो पायाला आणि सीटला थरथर म्हणून कळतो. आणि दातांचा दोष सूर लावतो. हिसका, थरथर, सूर: तुमच्या तक्रारीत थरथर आणि सूर दोन्ही आहेत. ते एकाच भागाचे नसावेत असं मी म्हणतो ते यामुळे.

तुमच्या गाडीचा रेशो माहीत नसेल तर मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गाडी न्यूट्रलमध्ये. उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तो रेशो. दोन फेरे यासाठी की दुसरं चाक अडलेलं असताना डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे हाउसिंगमधले गिअर) क्राऊन निम्माच फिरतो.

आता थरथर. रिकाम्या गाडीत जास्त आणि भरल्यावर कमी, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. टायर किंवा रिम वाकडी असती तर ओझ्याने थरथर अशी शांत झाली नसती. ओझ्याने बदलते ती हाउसिंगची उंची, आणि उंचीसोबत शाफ्टचा कोन. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. पुढच्या क्रॉसने केलेली ही कमी-जास्त मागचा क्रॉस भरून काढतो, पण दोन अटींवर. दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे, एका रेषेत हवेत. तुम्ही पाटा वाढवला तेव्हा रिकाम्या गाडीचा डाला वर गेला. हाउसिंग तिथेच आणि इंजिनाचं टोक उंच, म्हणजे शाफ्टचा कोन वाढला. बसवताना पाट्याखाली पाचर किंवा पट्टी घातली असेल तर पिनियनचं तोंडही फिरलं असेल. माल भरला की पाटे दबतात, कोन कमी होतो, थरथर जाते. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं.

आणखी एक शक्यता. पाट्याचं काम करताना शाफ्ट काढला होता का? काढला असेल तर शाफ्टची दातेरी सरकणारी बाही परत घालताना एखाद-दोन दाते इकडेतिकडे बसली असण्याचा मोठा संभव आहे. खाली वाकून दोन्ही टोकांचे योक पाहा. एक आडवा असताना दुसराही आडवाच हवा. तिरका दिसला तर शाफ्ट सोडवून, बाही बाहेर ओढून, नीट ओळीत आणून परत घाला. खर्च शून्य. यापुढे कोणीही शाफ्ट सोडवला तर आधी रंगाची रेघ मारून घ्यायला सांगा.

पण या सगळ्याच्याही आधी गाडी धुवा. खरंच धुवा, जोराच्या पाण्याने, शाफ्ट आणि रिमच्या आतली बाजू. आपली काळी माती ओली असते तेव्हा चिकटते आणि वाळली की दगड होते. शाफ्टच्या एका बाजूला बसलेला वाळका थर २८ फेऱ्यांवर शाफ्ट हलवायला पुरेसा आहे. रिमच्या आत बसलेली माती हँडलपर्यंत हिसके देते. शाफ्ट पुसल्यावर त्याच्या पाइपवर बारीक वजनाचे तुकडे वेल्ड केलेले दिसतील, ते काढू नका. एखाद्या ठिकाणी गोल वेल्डची खूण असूनही तुकडा नसेल तर तो पडलाय, आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा लागेल. पाइपला खड्डा पडला असेल तरीही तेच.

‘टक’चं बघू. गिअरबॉक्सपासून टायरपर्यंत प्रत्येक जोडात थोडा प्ले, म्हणजे मोकळीक, असतो, आणि क्लच सोडताना तो सगळा एकाच झटक्यात भरून निघतो. प्ले कुठे जास्त झालाय ते शोधायचं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा, इंजिन बंद, चावी खिशात. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि गाडीखाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी मागेपुढे फिरवा. एक बोट क्रॉसच्या जोडावर असं ठेवा की ते दोन्ही योकला टेकेल. दोन योकमध्ये जराशी सुद्धा वेगळी हालचाल जाणवली तर क्रॉस गेला. क्रॉसला हाताला कळेल इतका प्ले नसतोच. क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोप्यांभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. असा क्रॉस हळू चालताना चिमणीसारखा चिव-चिवही करतो, क्लच सोडताना टकही करतो आणि थरथरही देतो. तुमच्या दोन तक्रारी त्या एका क्रॉसनेच संपू शकतात. पाण्यातून गाडी गेल्यावर निपलला ग्रीस मारलं होतं का हे आठवा. चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची असते. एका टोपीतून येत नसेल तर ती जाम आहे.

क्रॉस घट्ट असेल तर यू-बोल्टकडे, म्हणजे पाटे हाउसिंगला आवळून धरणाऱ्या बोल्टांकडे, या. तुमच्या बाबतीत माझा जास्त संशय इथेच आहे. नवा पाटा घातला की काही दिवसांत पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात. म्हणून ते १००-२०० किलोमीटरनंतर परत आवळावे लागतात, तेही गाडी भरलेली असताना. कोणी आवळत नाही. ढिल्या यू-बोल्टमध्ये हाउसिंग क्लच सोडताना पुढे आणि ब्रेक मारताना मागे सरकते, आणि प्रत्येक वेळी टक करते. ओळखायची खूण सोपी आहे: पाट्यांच्या आणि बैठकीच्या मध्ये घासून चकाकलेली रेघ किंवा गंजाची भुकटी. एकाने हँडब्रेक ओढून क्लच अर्धवट सोडायचा, दुसऱ्याने बाजूला, चाकापासून लांब उभं राहून हाउसिंगकडे पाहायचं. हाउसिंग हललेली डोळ्यांना दिसते. पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर एक चाक दुसऱ्याच्या मागे गेलेलं असतं. पाट्याच्या पुढच्या पिनपासून हबपर्यंत दोन्ही बाजू टेपने मोजा.

यानंतरही टक राहिली तर चाकांचा मधला नट आणि त्याची कॉटर पिन बघा. हब एक्सलवर ढिला झाला असेल तर सुटताना आणि रिव्हर्स घेताना टक येते. हे आढळलं तर गाडी त्याच जागी उभी करा. चाक निघून जाण्याच्या आधीची ही शेवटची सूचना असते.

आता मूळ भीतीचा विषय, घूंऽऽ. इथे मला काळजी नाल्याच्या पाण्याची आहे. चालून गरम झालेली हाउसिंग थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढते. हाउसिंगच्या वरच्या बाजूला हवेसाठी छोटा ब्रीदर असतो. तो काळ्या मातीने बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत जातं. उघडा असून पाण्याखाली गेला तरी तिथून जातं. आत गेलेलं पाणी बाहेर निघत नाही. गाडी चार दिवस उभी राहिली की बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग पडतात आणि तिथून घरघर सुरू होते.

तपासायची पद्धत अशी. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी, चालू न करता, हाउसिंगचा खालचा ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा आणि खाली काचेची बरणी धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून असलं तर तेच आधी येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी त्यात घुसळलं गेलंय. मग सगळं ऑइल काढा. बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावरचा गाळ बोटांत चोळून पाहा. राखाडी, मऊ, पेस्टसारखा गाळ ही रोजची झीज आहे, त्याने घाबरू नका. टोचणारे कण, चमकणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तरच हाउसिंग उघडायची.

ऑइल किती निघालं तेही मोजा. पुष्कळदा हाउसिंगमध्ये ऑइलच नसतं, आणि सूर फक्त त्याचा असतो. नवं ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. अशा वेगळ्या हाउसिंगमध्ये बहुधा ईपी ९० लागतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल हाउसिंगमध्ये ओतायची सवय गावोगाव आहे, ती दात खाते. गाडी सपाट उभी असताना भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल यायला हवं. पाणी निघालं असेल तर थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. ब्रीदर साफ करा, आणि जमलं तर त्याला रबरी नळी लावून तिचं तोंड सीटच्या उंचीवर बांधा. ज्यांना पावसाळाभर नाले ओलांडायचे आहेत त्यांनी हे आजच करावं.

रुतण्याचंही एक नुकसान असतं, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. चिखलात एक चाक जागेवर गरगरतं आणि दुसरं गप्प उभं असतं, तेव्हा डिफरेन्शियलमधले छोटे गिअर त्यांच्या पिनवर जोरात फिरतात. ते एवढ्या फिरण्यासाठी केलेलेच नाहीत. सरळ रस्त्यावर तर ते पिनवर फिरतही नाहीत, वळणावर थोडेसे फिरतात. पूर्ण रेस देऊन दहा मिनिटं चाक चिखलात फिरवलं तर पिनवरचं ऑइल जळतं, पिन ओरखडते, वॉशर झिजतात. याची ओळख वळणावर होते: सरळ शांत, आणि हळू वळताना कड-कड किंवा अडखळ. तुमचा सूर सरळ रस्त्यावर येतो, म्हणून हे छोटे गिअर त्याचं कारण नसावेत. अपवाद एकच. मागचे दोन टायर वेगळ्या मापाचे असले, एक नवा आणि एक घोटलेला किंवा रिमोल्ड, तर सरळ रस्त्यावरही हे गिअर सतत फिरत राहतात. तेव्हा टायरची जोडी सारखी ठेवा. आणि पुढच्या वेळी रुतलात तर रेस वाढवू नका, फिरणाऱ्या चाकाखाली पऱ्हाट्या किंवा गोटे घाला.

टायरचाही सूर असतो. गावातल्या सिमेंट रस्त्यावरून डांबरीवर आलात आणि सूर एकदम बदलला तर तो टायरचाच. हाउसिंगला खालचा रस्ता कोणता आहे ते कळत नाही.

चाकाचं बेअरिंग ओळखायला मोठ्या गाड्यांमध्ये डावी-उजवीकडे झोला देऊन ऐकतात. तीनचाकीत हे वेगात कधीही करू नका. पुढे एकच चाक आहे, वळताना ब्रेक लागला की वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातं, आणि तिथे आधाराला चाकच नसतं. मोकळ्या पटांगणात १५-२० च्या वेगाने मोठे गोल घ्या. डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वाढली तर डावं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही हबजवळ तळहाताची मागची बाजू न्या. मे महिन्याच्या ४५ डिग्रीत सगळंच लोखंड तापलेलं असतं, म्हणून डाव्याची उजव्याशी तुलना करा. एकच हब भाजत असेल तर बेअरिंग किंवा घासणारा ब्रेक लाइनर. चाक उचलून हाताने फिरवा, दुसरा हात पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

चाकं उचलून इंजिनवर फिरवून ऐकायचं असेल तर काही पथ्यं आहेत. आधार चेसिसला नको, हाउसिंगखाली द्या. चेसिस उचलली की हाउसिंग लोंबते, शाफ्टचा कोन वाढतो आणि नसलेली थरथर दिसते. दोन्ही चाकं उचला, एकच उचललं तर ते दुप्पट वेगाने फिरतं. जॅकवर भरवसा नको, लाकडी ठोकळे द्या, आणि काळ्या जमिनीवर ठोकळ्याखाली फळी. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की आतलं स्वच्छ ऐकू येतं, पण फिरत्या शाफ्टपासून हातभर लांबूनच. एवढं मात्र ध्यानात असू द्या: हवेतल्या चाकांवर ओझं नसतं, त्यामुळे दातांचा सूर इथे गायब होऊ शकतो. बेअरिंग मात्र लपत नाही.

ज्यांच्या गाडीची रचना वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मागे इंजिन असलेल्या ऑटोत लांब शाफ्ट नसतो, गिअरबॉक्समध्येच डिफरेन्शियल असतं आणि दोन आखूड शाफ्ट चाकांकडे जातात. तिथे पहिल्यांदा रबरी बूट पाहा. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, माती आत शिरते आणि खड्ड्यात किंवा वळणावर कट-कट सुरू होते. चेनवर चालणाऱ्या तीनचाकीत चेन पूर्ण फिरवून घट्ट आणि ढिली जागा शोधा, आणि मोठं स्प्रॉकेट ज्या बोल्टांवर आहे ते आवळा. दिव्यांग बांधवांच्या जोडचाकं लावलेल्या स्कूटरमध्ये ओढ मधल्या चाकावर असते. बाजूच्या चाकांची बेअरिंगं आणि त्यांच्या फ्रेमचे बोल्ट हेच तिथे बहुतेक वेळा बोलतात.

तर भाऊ, तुमचा क्रम असा ठेवा. धुणं, योकची रेषा, यू-बोल्ट, क्रॉस, मग ऑइल आणि ब्रीदर. एका वेळी एकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर त्याच रस्त्यावर तीच फेरी मारा. पाचही कामं एकदम केली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. थरथर जात नसेल तर वाढवलेला पाटा काढून एक दिवस चालवून पाहा. रिकाम्या गाडीची थरथर गेली तर पाटा नेमका किती जाड हवा आणि पिनियनचा कोन कसा जुळवायचा, हे पाटेवाल्याशी बसून ठरवा.

हे सगळं होऊनही सूर राहिला, तो ओढताना वाढत असेल आणि ऑइलमधून टोचणारे कण निघाले असतील, तर हाउसिंग उघडा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, दोन्हींवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीही घेऊ नका. जुन्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, कुठून निघाल्या ते लिहून ठेवायला सांगा. बसवल्यावर क्राऊनच्या काही दातांना मार्किंगचा निळा रंग लावून फिरवून पाहायचं. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर आणि किंचित आतल्या टोकाकडे हवा, ओझ्याखाली तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. दातांमधला प्ले डायल गेजने मोजायचा. एवढ्या लहान हाउसिंगला तो साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो, कंपनीचा आकडा मिळाला तर तोच अंतिम. “हाताने अंदाज येते” म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

एक तपासणी मात्र आजच करा, बाकीचं उद्यावर गेलं तरी चालेल. शाफ्ट जिथे हाउसिंगला मिळतो तिथला फ्लँज (जोडाची चकती) दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. जरा जरी हलला, किंवा त्यामागच्या सीलमधून ऑइल गळत असेल आणि नट ढिला वाटत असेल, तर पिनियनचं बेअरिंग सुटलंय. अशी गाडी चालवू नका, चालत्या गाडीत पिनियन अडकलं तर मागची चाकं जागेवर जाम होतात. गॅरेजपर्यंत टोचन करूनही नेऊ नका, कारण ओढताना चाकांसोबत हाउसिंगही आतून फिरतेच. पिकअपवर चढवून न्या.